‘द पॉवर्स दॅट बी’ : सत्ता आहे, म्हणून ती पूज्य आहे काय?



इंग्रजी भाषेत एक वाक्प्रचार आहे : ‘द पॉवर्स दॅट बी’. तुमची मुले वरच्या वर्गांत गेली की त्यांच्या वाचनात तो येईल. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत तर तो वारंवार भेटतो. शब्दशः अर्थ पाहिला तर ‘ज्या सत्ता आहेत त्या’ एवढाच. व्यवहारात मात्र ‘वरची मंडळी’, ‘ज्यांच्या हाती आज अधिकार आहेत ते लोक’ अशा अर्थाने तो वापरतात. कारखान्यातला कामगार म्हणतो, वरच्या मंडळींनी पाळी बदलली. महाविद्यालयातला प्राध्यापक म्हणतो, वरच्या मंडळींना हा विषय नको आहे. इंग्रजीत बोलणारा या दोन्ही ठिकाणी ‘द पॉवर्स दॅट बी’ असे म्हणून मोकळा होतो.

धम्माच्या पाक्षिकात हा इंग्रजीचा तास कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे की, या चार शब्दांच्या मागे फार जुना वाद उभा आहे. सत्ता येते कोठून? आणि ती केवळ आहे, एवढ्या कारणावरून माणसाने तिच्यापुढे मान वाकवावी काय? ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या मान वाकवून काढल्या आणि नंतर धम्मदीक्षा घेऊन ती ताठ केली, त्या समाजातील प्रत्येक कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असले पाहिजे.

शब्दांची फोड

एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारले, “सर, पॉवर्स हे अनेकवचन आहे, तर पुढे ‘आर’ हवे. येथे ‘बी’ कसे?” प्रश्न योग्य होता. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘आहेत’ या अर्थी ‘आर’प्रमाणे ‘बी’ हे रूपही चालत असे. पुढे ते प्रमाण भाषेतून गेले, पण या वाक्प्रचारात जसेच्या तसे राहिले. आपल्याकडेही असे होते. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण रोज वापरतो, परंतु ‘पिळतो’ऐवजी ‘पिळी’ असे आज कोणी बोलत नाही. जुने रूप म्हणीत टिकून राहिले आहे.

अधिकाऱ्यांविषयी इंग्रजीत आणखीही वाक्प्रचार आहेत. पूर्वी विलायतेतील प्रतिष्ठित लोक डोक्यावर केसांचे मोठमोठे टोप घालीत. त्यावरून बड्या माणसाला ‘बिगविग’ म्हणू लागले. लष्करी अधिकाऱ्यांच्या टोपीवरील चकाकत्या पितळी नक्षीवरून ‘टॉप ब्रास’ हा शब्द आला. हे दोन्ही शब्द अधिकाऱ्याच्या बाह्य डौलाला हसतात. ‘द पॉवर्स दॅट बी’ बोलतानाही माणूस थोडा उपहास करतो. पण त्या उपहासात हताशपणा मिसळलेला असतो. बोलणारा स्वतःला त्या सत्तेच्या बाहेर ठेवतो, कोणाचेही नाव घेत नाही, आणि निर्णय बदलेल अशी आशाही दाखवीत नाही. सत्ता आहे, तिने ठरविले, विषय संपला.

आपल्या बोलण्यात याच्या अगदी जवळचे एक वाक्य आहे, ‘वरून आले आहे’. त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत. आधी हे इंग्रजी शब्द आले कोठून ते पाहू.

पौलाचे पत्र आणि टिंडेलचे मरण

हे शब्द बायबलमधले आहेत. संत पौल याने रोम शहरातील ख्रिस्ती मंडळींना इसवी सन ५७ च्या सुमारास ग्रीक भाषेत एक पत्र लिहिले. त्याच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी तो सांगतो की प्रत्येकाने राज्यकर्त्यांच्या अधीन राहावे, कारण कोणतीही सत्ता ईश्वराखेरीज येत नाही. आज ज्या सत्ता आहेत त्या त्यानेच नेमल्या आहेत. त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो हा सम्राट होता. पुढे याच नीरोच्या राजवटीत पौलाला देहान्त शिक्षा झाली, असे ख्रिस्ती परंपरा सांगते.

या ग्रीक वाक्याला ‘द पॉवर्स दॅट बी’ हे इंग्रजी रूप दिले ते विल्यम टिंडेल या विद्वानाने. त्याची कथा आपण जाणून घेण्यासारखी आहे, कारण ती ज्ञान कोणाच्या हाती असावे याची कथा आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये बायबल लॅटिनमध्ये होते. बिशपच्या संमतीवाचून ते इंग्रजीत आणण्यास पंधराव्या शतकाच्या आरंभापासून बंदी होती. नांगरामागे चालणाऱ्या शेतकऱ्याला, माग चालविणाऱ्या विणकराला स्वतःच्या धर्माचा ग्रंथ स्वतः वाचता येत नव्हता. धर्मगुरू सांगेल तोच धर्म. ज्यांच्या कानांवर वेद पडू नयेत असा दंडक होता, त्यांच्या वंशजांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

टिंडेलने लंडनच्या बिशपकडे भाषांतरासाठी आश्रय मागितला. तो मिळाला नाही. म्हणून १५२४ साली तो देश सोडून जर्मनीत गेला आणि १५२६ साली वर्म्स या गावी त्याने ग्रीकवरून केलेला इंग्रजी ‘नवा करार’ छापून निघाला. व्यापाऱ्यांच्या मालात लपवून त्याच्या प्रती इंग्लंडमध्ये पोहोचविल्या गेल्या. बिशपने त्या हुडकून लंडनमध्ये जाळल्या. पुढे १५३५ साली अँटवर्प शहरात एका माणसाने विश्वासघात करून टिंडेलला पकडून दिले. ब्रुसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्डच्या किल्ल्यात त्याला वर्षाहून अधिक काळ कोंडून ठेवले, आणि १५३६ च्या ऑक्टोबरात प्रथम गळा आवळून व मग देह जाळून ठार मारले.

आता विचार करा. सर्व सत्ता ईश्वराने नेमलेल्या आहेत हे वाक्य ज्याने इंग्रजी वाचकांच्या हाती दिले, त्यालाच त्या काळच्या सत्तेने मारले. आणि टिंडेल काही बंडखोर नव्हता. १५२८ साली त्याने ख्रिस्ती माणसाच्या आज्ञापालनावर एक पुस्तक लिहिले होते. राजा वाईट असला तरी प्रजेने त्याच्यावर हात उचलू नये, असे त्यात त्याने प्रतिपादिले. राजाची आज्ञा ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध असेल तेवढी मात्र पाळू नये, आणि त्याबद्दल जे भोगावे लागेल ते भोगावे, एवढीच सूट त्याने ठेवली. स्वतः तो तसाच वागला. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १५३९ साली, इंग्लंडच्या राजाच्याच अनुमतीने चर्चमध्ये ठेवण्यासाठी मोठे इंग्रजी बायबल निघाले, त्यात फार मोठा भाग टिंडेलच्याच भाषांतराचा होता. १६११ च्या प्रसिद्ध बायबलातही त्याचे हे चार शब्द कायम राहिले. भाषांतर करणारा १५३६ साली गुन्हेगार होता आणि १५३९ साली तेच भाषांतर राजमान्य होते. मधल्या तीन वर्षांत ग्रंथ बदलला नव्हता. सत्तेची मर्जी बदलली होती. ‘नेमलेली सत्ता’ म्हणतात ती किती लवकर फिरते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवावे.

त्याच ओळीचे दोन उपयोग

पुढे या ओळीचा उपयोग राजांनी केला. जेम्स हा प्रथम स्कॉटलंडचा आणि १६०३ पासून इंग्लंडचाही राजा झाला. राजा केवळ ईश्वराला जबाबदार आहे, प्रजेला नाही, असे त्याने १५९८ मध्ये ग्रंथ लिहून मांडले होते. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स त्याच समजुतीवर राज्य करीत राहिला. संसदेशी त्याचे युद्ध झाले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

अमेरिकेत १८५० साली पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याचा कडक कायदा झाला. गुलामाला आसरा देणे हाही गुन्हा ठरला. तेव्हा कायदा पाळावा की नाही असा प्रश्न लोकांच्या मनात उठला, आणि कित्येक धर्मोपदेशकांनी पौलाची ती ओळ दाखवून कायदा पाळण्याचा उपदेश केला. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीने वर्णभेदाच्या समर्थनासाठी तीच ओळ वापरली. फार लांब जायला नको, २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सीमेवर आश्रयासाठी व कामासाठी आलेल्या आईबापांपासून मुले वेगळी केली जात होती. त्यावर टीका झाली तेव्हा त्या देशाचे अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी जाहीर भाषणात पौलाच्या याच तेराव्या अध्यायाचा आधार घेतला.

परंतु न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ख्रिस्ती धर्मातूनच या अर्थाला विरोध झाला आहे. बोस्टनचे धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू यांनी १७५० साली याच अध्यायावर प्रवचन दिले आणि सांगितले की, पौल ज्या राज्यकर्त्यांविषयी बोलतो ते लोकांचे भले करणारे आहेत. जो लोकांना लुटतो त्याला हे वचन लागू पडत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८५ साली अनेक धर्मोपदेशकांनी व विचारवंतांनी मिळून ‘कैरोस’ या नावाचे निवेदन काढले आणि राजवट या ओळीचा दुरुपयोग करीत आहे, असे स्पष्ट बजावले. तेव्हा कोणत्याही धर्माची निंदा करणे हा या लेखाचा हेतू नाही. ओळ एकच असते. कोण ती कोणाच्या डोक्यावर मारतो, हे पाहावे लागते.

आपल्याकडे ही शिकवण आणखी पक्की करून ठेवली होती. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा हा इंद्र, यम, वरुण, कुबेर आदी आठ देवांच्या अंशांपासून निर्माण केला, असे सांगितले आहे. राजा बालक असला तरी त्याला माणूस समजू नये, तो मनुष्यरूपातील देवताच होय, असेही तेथे आहे. राजाच्या वर ब्राह्मण, आणि खाली उतरत्या पायऱ्या. युरोपात सत्ता ईश्वराने नेमली. येथे तर सत्ता हाच ईश्वर झाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचा अर्थ या दृष्टीनेही ध्यानी घ्यावा.

तथागतांचे उत्तर

सत्ता कोठून आली, हा प्रश्न तथागतांनाही टळला नाही. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात त्याचे उत्तर आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुळातून संघात आलेले दोन तरुण. ब्राह्मण त्यांना हिणवीत की तुम्ही श्रेष्ठ वर्ण सोडून खालच्यांत गेलात. त्यांना भगवान समाजाच्या जडणघडणीची हकीकत सांगतात. माणसांनी तांदळाचा साठा करण्यास सुरुवात केली, शेते वाटून घेतली, बांध घातले. मग चोरी आली, खोटे बोलणे आले, मारहाण आली. तेव्हा लोक एकत्र जमले आणि आपल्यातीलच एका लायक माणसाला म्हणाले की, जो दोषी असेल त्याला तू शासन कर, आम्ही तुला आमच्या तांदळातला वाटा देऊ. महाजनांनी संमत केलेला म्हणून तो ‘महासम्मत’.

येथे आकाशातून कोणी आलेले नाही. सत्ता माणसांनी, माणसांच्या गरजेसाठी, एका ठरावीक कामासाठी निर्माण केली आणि त्या कामाचा मोबदलाही ठरविला. म्हणजे राज्यकर्ता हा कामावर ठेवलेला माणूस आहे. ज्याला आपण कामावर ठेवले, त्याला कामाचा हिशेब विचारण्यात उद्धटपणा कसला?

त्याच निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त यापुढचे पाऊल टाकते. एक राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हत्यारे, हत्यारांतून हत्या, आणि शेवटी माणसांचे आयुष्यच घटत जाते. सत्तेचे मोजमाप तिच्या परिणामावरून करायचे, हे भगवंतांनी येथे शिकविले आहे.

याचा अर्थ धम्म बेबंदशाही शिकवितो असे कोणी समजू नये. राजा बिंबिसाराचे सैनिक लढाई टाळण्यासाठी संघात येऊ लागले, तेव्हा राजसेवेत असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम भगवंतांनी केला. राज्याच्या योग्य कायद्याचा त्यांनी मान ठेवला. परंतु स्वतःच्या मागे संघावर कोणालाही मालक म्हणून नेमले नाही. त्यांच्या महापरिनिब्बाणानंतर मगधाचा मंत्री वस्सकार याने आनंदांना नेमके हेच विचारले की, तुमचा आधार म्हणून भगवंतांनी कोणाला नेमून ठेवले आहे काय? आनंद म्हणाले, कोणालाही नाही. तरी आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली की ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे संसदीय नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते. आणि त्याच भाषणात, थोर पुरुषाच्या पायांवर आपले स्वातंत्र्य वाहू नका, राजकारणातील भक्ती हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता आहे, असा इशाराही दिला.

आता त्या ‘बी’ या शब्दाकडे पुन्हा पाहा. ‘आहे’ एवढेच तो सांगतो. जे आहे ते कारणांमुळे आहे, आणि कारणे बदलली की तेही बदलते, ही तर आपली प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण. सत्ता आहे, हे एक घडलेले वास्तव आहे. ती योग्य आहे, हे वेगळे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. ‘बळी तो कान पिळी’ म्हणणारा आपला खेड्यातला माणूस निदान एवढे जाणतो की कान पिळणारा बळी आहे. तो देव आहे असे ही म्हण म्हणत नाही.

देव गेला, धुके राहिले

आजच्या इंग्रजी बोलण्यात ‘द पॉवर्स दॅट बी’ म्हणताना कोणाच्याही मनात ईश्वर नसतो. पण सवय मात्र जुनीच राहिली. पूर्वी सांगत, सत्ता ईश्वराची आहे, म्हणून विचारू नका. आज सांगतात, वरून आले आहे. आणि वर कोण हे ठाऊक नसल्याने विचारणार कोणाला? दोन्हींचा परिणाम एकच होतो. माणूस हात जोडून परत फिरतो.

आमच्या वस्तीतील एका भगिनीचे उदाहरण सांगतो. तिच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एका कार्यालयाने दोन वर्षे घेतला नाही. प्रत्येक वेळी उत्तर एकच : “वरून बंद आहे.” ती धुण्याभांड्यांची कामे करते. कामाचा खाडा करून गेलेली बाई त्या उत्तरावर परत येई. तिसऱ्या वर्षी तिच्यासोबत मी गेलो. आम्ही आवाज चढविला नाही. एवढेच म्हटले, “साहेब, बंद केल्याचे परिपत्रक दाखवा. क्रमांक आणि तारीख उतरवून घेतो.” परिपत्रक निघाले नाही. अर्ज घेतला गेला. पण मधली दोन वर्षे त्या मुलीला कोण परत देणार?

बाबासाहेबांच्या कार्याची पद्धत या दृष्टीने अभ्यासावी. गावात महाराला रात्री-अपरात्री ‘सरकारी काम’ म्हणून बोलावीत. पाटील म्हणे, सरकारचा हुकूम. तलाठी म्हणे, पूर्वापार चालत आले. बाबासाहेबांनी त्या धुक्यात हात घालून मुळाशी असलेला कायदा बाहेर काढला. तो होता १८७४ चा मुंबई इलाख्याचा वंशपरंपरागत वतनांचा कायदा. त्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. त्या वेळी ते तडीस गेले नाही. परंतु जे अनादि वाटत होते त्याला साल आहे, कलम आहे, आणि म्हणून ते रद्दही होऊ शकते, हे लोकांना कळले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

दुसरे उदाहरण धम्मदीक्षेनंतरचे आहे. १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांच्या केंद्र सरकारच्या सवलती गेल्या. कित्येक घरांतून वडीलधारी माणसे म्हणत, सरकारच्या मनात नाही, काय करणार? वस्तुतः ‘सरकारचे मन’ म्हणजे १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपती-आदेशाचा तिसरा परिच्छेद होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला होता, म्हणजे तो बदलता येतो हे उघड होते. त्या एका परिच्छेदावर बोट ठेवून आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि १९९० साली संसदेने कायदा करून त्यात बौद्धांचा समावेश केला. ‘सरकारच्या मनाशी’ कोणाला भांडता येत नाही. परिच्छेदाशी भांडता येते.

आपण काय करावे

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी विनंती आहे. ‘वरून आले आहे’ असे कोणी म्हणाले की शांतपणे चार गोष्टी विचारा. हा निर्णय कोणाचा? कोणत्या तारखेचा? कोणत्या नियमाखाली? आणि त्याचे कारण काय? उत्तर लेखी मागा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ही केवळ विनंती राहिलेली नाही. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला की सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्कही नाही. निर्णयाने ज्याचे नुकसान होते त्याला त्याची कारणे सांगावीत, हेही त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाकडून लिहून घ्या. त्या मुलाचे शिक्षणही होईल.

विचारताना वाणी सम्यक् असावी. समोरचा लिपिकही पुष्कळदा पगारावर जगणारा, वरच्याला भिणारा माणूस असतो. त्याच्यावर राग काढून काही साधत नाही. त्यालाही ‘वर कोण’ हे बहुधा ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही, आणि ती आपल्याला जरा बोचेल. आपल्या घरातही एक ‘द पॉवर्स दॅट बी’ असते. मुलीने पुढे शिकायचे की नाही, तिचे लग्न कधी आणि कोणाशी, हे ‘घरात ठरले’ असे आपण सांगतो. घरात म्हणजे कोणी ठरविले? तिला विचारले होते काय? विहाराच्या समितीत ‘समितीने ठरविले’ म्हणतात. त्या बैठकीला किती उपासिका हजर होत्या, जमाखर्च कोणी वाचून दाखविला? वर्गात मी शिक्षक आहे. पन्नास मुलांच्या दृष्टीने मीच ती वरची मंडळी. मुलाने ‘का’ म्हटले आणि मी छडीकडे पाहिले, तर मी त्याला काय शिकविले?

आणि सर्वांत नाजूक जागा म्हणजे बाबासाहेबांचे नाव. ‘बाबासाहेबांनी असे सांगितले आहे’ एवढे म्हटले की आपली सभा गप्प बसते. श्रद्धा उचित आहे. परंतु कोठे सांगितले, कोणत्या प्रसंगी, कोणत्या संदर्भात, हे विचारणे म्हणजे त्यांचा अनादर नव्हे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते उघडून पाहता येतात. स्वतःच्या वचनाचीही पारख करा असे सांगणाऱ्या तथागतांचा मार्ग त्यांनी आपल्याला दिला. त्यांच्याच नावाने कोणी आपले तोंड बंद करीत असेल, तर ते नाव चुकीच्या हाती पडले आहे, असे खुशाल समजावे.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एवढे करून पाहा. गेल्या वर्षभरात ‘वरून आले’, ‘वरून बंद आहे’ हे उत्तर ज्यांना ज्यांना मिळाले, त्यांनी ते सभेत सांगावे. शिकलेल्या मुलामुलींनी ते वहीत उतरवून घ्यावे. प्रत्येक तक्रारीसमोर चार रकाने आखा : कोण, केव्हा, कोणता नियम, काय कारण. जे रकाने रिकामे राहतील त्यांचे अर्ज तेथेच बसून लिहा, आणि पुढच्या पौर्णिमेला तीच वही पुन्हा उघडा.

जयभीम!